शिक्का कोणाचा, विश्वास कोणाचा?

मराठवाड्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या कोणाही गृहस्थाला मनमाड स्टेशनाविषयी विचारून पाहावे. बहुतेकांना प्रथम आठवते ती झोपमोड. मुंबईहून आलेली गाडी मनमाडला थांबायची आणि तेव्हाचे औरंगाबाद, जालना, परभणी या बाजूला जाणाऱ्यांनी ट्रंका, वळकट्या, फिरकीचा तांब्या आणि पेंगुळलेली मुले सावरत दुसरी गाडी गाठायची. कारण अगदी साधे होते. मुंबईकडचे रूळ १.६७६ मीटर अंतराचे, म्हणजे ब्रॉडगेज. आणि पुढचे, निजामाच्या संस्थानात घातलेले, एक मीटरचे. एका रुळाची गाडी दुसऱ्यावर चालत नाही, हे भौतिकशास्त्र शाळेत जाण्याआधीच मराठवाड्यातल्या मुलांना कळत असे.

माणसे निदान आपल्या पायांनी फलाट बदलत होती. मालाला पाय नसतात. ज्वारीची पोती, कापसाच्या गाठी, सिमेंट, गूळ हे सारे एका वाघिणीतून उतरवायचे आणि हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत चढवायचे. त्यात वेळ जाई, पैसा जाई, पोती फाटत. १९९२ साली रेल्वेने देशभर एकच गेज करण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्या दशकात मनमाडपासून पुढचे रूळ रुंद झाले. आज मुंबईहून निघालेला प्रवासी झोपेतच मनमाड ओलांडतो.

हे आठवायचे कारण असे की जगाच्या व्यापारात अशी शेकडो मनमाडे अजून शिल्लक आहेत. ती नकाशावर दिसत नाहीत. तिथे रूळ सलग असतात, रस्ता सरळ असतो, जकातही कमी झालेली किंवा माफ असते. तरी माल थांबतो. कारण सरहद्दीच्या या बाजूचे ‘चांगले’ आणि त्या बाजूचे ‘चांगले’ यांची मापे वेगळी असतात. आणि मापे एक असली तरी ‘हे मोजले कोणी?’ हा प्रश्न उरतोच. ही अदृश्य मनमाडे पाडण्याचे काम निरनिराळ्या प्रदेशांतल्या मानक संस्था एकत्र येऊन करत असतात. या कामाला प्रसिद्धी नाही, पण आपल्या स्वयंपाकघरापासून नाशिकच्या द्राक्षबागेपर्यंत त्याचा हात पोचलेला आहे.

कुकरवरचा शिक्का

घरातला प्रेशर कुकर उचलून पाहिला तर त्यावर ‘आयएसआय’चा शिक्का दिसेल. इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन ही संस्था जानेवारी १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी स्थापन झाली. क्रमांक एकचे भारतीय मानक १९५१ साली निघाले, ते होते राष्ट्रध्वजाचे. कापड कसे हवे, रंग कसे हवेत, लांबी-रुंदीचे प्रमाण काय, हे त्यात ठरवून दिले आहे. १९८७ साली संस्थेचे रूपांतर भारतीय मानक ब्युरोत झाले. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ‘आयएसआय’च राहिले आणि शिक्काही तोच.

कुकरवरच्या त्या लहानशा खुणेमागे तीन पायऱ्या असतात. पहिली, मानक. धातू किती जाड हवा, आतला दाब किती वाढला की सुरक्षा झडप उघडली पाहिजे, हे लिहून ठेवणे. दुसरी, चाचणी. हा कुकर त्या लिहिण्याप्रमाणे आहे का, ते प्रयोगशाळेत तपासणे. तिसरी पायरी आपल्या सहसा लक्षात येत नाही. ती म्हणजे तपासणाऱ्याची तपासणी. प्रयोगशाळेतला काटा बरोबर आहे का, तिथले लोक शिकलेले आहेत का, अहवाल कोणाच्या दडपणाखाली तर लिहिला जात नाही ना, हे पाहणारा कोणीतरी असावा लागतो. भारतात हे काम प्रामुख्याने एनएबीएल ही संस्था करते.

देशाच्या आत या तिन्ही पायऱ्या एका छपराखाली असल्यासारख्या असतात. सरहद्द ओलांडली की छप्पर बदलते. तिथली मानक संस्था वेगळी, पुस्तक वेगळे, प्रयोगशाळा वेगळी. एका देशात उत्तीर्ण झालेल्या बिस्किटाला दुसऱ्या देशात पहिलीपासून परीक्षा द्यावी लागते. मोठ्या कारखानदाराला तो खर्च परवडतो; त्याच्याकडे त्यासाठी वेगळा विभागच असतो. पंधरा-वीस माणसांच्या छोट्या कारखान्याला मात्र दुसऱ्यांदा परीक्षा देण्यापेक्षा तो बाजार सोडून देणे स्वस्त पडते.

युरोपचा धडा

हा प्रश्न सर्वांत आधी आणि सर्वांत चिकाटीने सोडवायला घेतला तो युरोपने. तिथली एक हकीकत कायद्याचे विद्यार्थी अजूनही चवीने सांगतात. फ्रान्समध्ये दिजाँ गावाकडे काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या कॅसिस या फळापासून एक गोडसर मद्य बनते. त्यात अल्कोहोल पंधरा ते वीस टक्के. एका जर्मन व्यापारी कंपनीला ते आयात करायचे होते. जर्मन कायदा म्हणाला, फळांच्या अशा मद्यात किमान पंचवीस टक्के अल्कोहोल हवे. हे फार सौम्य आहे, विकता येणार नाही! प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. कमी अल्कोहोलच्या पेयांनी लोकांना मद्याची सवय अधिक सहज लागते, असा युक्तिवाद जर्मन सरकारने केला. न्यायालयाला तो पटला नाही. २० फेब्रुवारी १९७९ च्या निकालाचा मथितार्थ असा, की एका सदस्य देशात जे कायदेशीरपणे बनते आणि विकले जाते, ते दुसऱ्यानेही विकू द्यावे. आरोग्यासारखे खरोखर सबळ कारण असेल तरच अडवावे.

निकालाने दार उघडले; पण यंत्रे, खेळणी, विजेची उपकरणे अशा वस्तूंमध्ये सुरक्षेचा प्रश्न खराच असतो. तिथे नुसत्या ‘येऊ द्या’ने भागत नाही. म्हणून १९८५ साली युरोपने कामाची वाटणी केली. कायद्याने फक्त मुद्द्याचे बोलायचे: खेळण्याने मुलाचा जीव धोक्यात येता कामा नये. मग त्यासाठी सुट्या भागाचा आकार किती, रंगात शिसे किती, हा तपशील सर्व देशांच्या मानक संस्थांनी एकत्र बसून ठरवायचा. या बैठकीची घरे आधीपासून होती. ‘सेन’ ही युरोपीय मानक समिती १९६१ ची, विजेसाठीची ‘सेनेलेक’ १९७३ ची. दूरसंचारासाठी ‘एत्सी’ची त्यांत १९८८ मध्ये भर पडली.

‘सेन’चा एक नियम फार बोलका आहे. युरोपीय मानक मतदानाने संमत झाले की प्रत्येक सदस्य संस्थेने ते आपल्या देशाचे मानक म्हणून स्वीकारायचे आणि त्याच्या विरोधात जाणारे आपले जुने मानक मागे घ्यायचे. ज्यांनी विरोधात मत दिले, त्यांनीसुद्धा. एकत्र कुटुंबात एकदा ठरले की ठरले, तसेच हे. या घराची वीण किती घट्ट आहे, याचा एक पुरावा पाहा. ब्रिटन २०२० साली युरोपीय संघातून बाहेर पडला. पण ब्रिटिश मानक संस्था ‘सेन’ आणि ‘सेनेलेक’मधून बाहेर पडली नाही. राजकीय काडीमोड झाला, तरी स्क्रू आणि वायरींचे नाते टिकले.

सगळेच साधले असे मात्र नाही. युरोपात फिरायला गेलेल्या आपल्या मंडळींना प्लगचा अनुभव असतो. जर्मनीत गोल खोलगट सॉकेट, इटलीत एका ओळीत तीन भोके, ब्रिटनमध्ये तीन चपट्या पिना. इतकी एकी असूनही भिंतीतला प्लग एक होऊ शकला नाही. कारण कोट्यवधी घरांच्या भिंती फोडायचा खर्च कोणी करायचा? आपल्याकडच्या तीन गोल पिनाही जुन्या ब्रिटिश मानकाच्या. ब्रिटनने १९४७ नंतर पिना बदलल्या, आपण मात्र त्या जपल्या. यातून शहाणपण एवढेच घ्यायचे, की एकी करायची तर ती रूळ टाकण्याआधी करावी. मोबाइलच्या चार्जरच्या बाबतीत युरोपने तेच केले. एके काळी तिथे तीसच्या आसपास प्रकारचे चार्जर होते. आता २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइलना यूएसबी-सी हे एकच तोंड सक्तीचे झाले आहे. युरोपसाठी फोन एका तोंडाचा आणि इतरांसाठी दुसऱ्या, असे करणे कारखानदारांना परवडत नाही. म्हणून तिकडे झालेल्या निर्णयाचा फायदा आपल्या घरातल्या चार्जरच्या गुंत्यालाही मिळू लागला आहे.

नाशिकची परीक्षा

युरोपच्या या एकीकडे आता नाशिकच्या बागेतून पाहू. पूर्वी द्राक्षांवर कोणत्या औषधाचा अंश किती चालेल, याच्या मर्यादा बऱ्याच औषधांच्या बाबतीत युरोपातल्या प्रत्येक देशाच्या वेगवेगळ्या होत्या. हॉलंडला चाललेली पेटी जर्मनीला चालेलच याची खात्री नसे. १ सप्टेंबर २००८ पासून सर्व युरोपीय संघासाठी एकच यादी लागू झाली. निर्यातदाराच्या दृष्टीने हे सुखच होते. एक अभ्यासक्रम, एक परीक्षा, आणि उत्तीर्ण झाले की सर्व दारे उघडी.

पण एका परीक्षेची दुसरी बाजूही असते. नापास झाले की सर्व दारे एकदम बंद. २०१० च्या हंगामात भारतातून गेलेल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला. वेलीची वाढ आटोक्यात ठेवून घड चांगले यावेत म्हणून बागाईतदार हे संजीवक वापरत. बागेत त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. युरोपची मर्यादा होती दहा लाख भागांत ०.०५ भाग, म्हणजे दोन कोटी द्राक्षांत एका द्राक्षाच्या वजनाइतकी. आपल्याकडे निर्यातीपूर्वी कसून तपासणी होत होती. प्रत्येक बागेची नोंद होती, नमुने प्रयोगशाळेत जात होते. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नावच नव्हते. शेतकऱ्याने जी परीक्षा दिली तिच्यात तो उत्तीर्ण होता. पलीकडे प्रश्न वेगळा आला.

माल युरोपच्या बंदरांत अडकला, भाव कोसळले, आणि कर्ज काढून बाग उभी केलेल्या कुटुंबांचा हंगाम हातचा गेला. त्यानंतर ते रसायन यादीत आले, तपासणी आणखी कडक झाली, पुण्याजवळच्या मांजरीतील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने यात मोठी कामगिरी बजावली आणि द्राक्षे पुन्हा युरोपात जाऊ लागली. चूक कोणाची, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. मला त्यातून उरते ती गोष्ट वेगळी आहे. दोन बाजूंच्या याद्या वेळेवर शेजारी ठेवून कोणी ओळ न् ओळ ताडून पाहिली असती, तर हे टळू शकले असते. मानक संस्थांचे सहकार्य म्हणजे पुष्कळदा एवढेच कंटाळवाणे काम असते. आणि ते न झाल्याची किंमत ज्याने भरली, तो त्या टेबलाजवळ कधीच बसलेला नव्हता.

आपणही सासूच

इथवर आपण सुनेच्या भूमिकेत होतो. परीक्षा घेणारा युरोप, देणारे आपण. आता पूर्वेकडच्या सरहद्दीवर जाऊ. तिथे आपणच सासू आहोत.

दक्षिण आशियाई देशांनी ‘सार्क’ची स्थापना १९८५ साली केली. मुक्त व्यापाराचा ‘साफ्टा’ करार २००६ पासून लागू झाला. जकाती उतरू लागल्या. तरीही या प्रदेशातल्या देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास राहिला. आग्नेय आशियातल्या ‘आसियान’ देशांत हेच प्रमाण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतके आहे. याला राजकारण, रस्ते, जुनी वैरे अशी अनेक कारणे आहेत. त्यात अदृश्य मनमाडांचाही वाटा आहे.

बांगलादेशातल्या कारखान्यातून त्रिपुरात बिस्किटे पाठवायची म्हटले तर अंतर थोडे. आगरतळा शहर सरहद्दीला जवळजवळ टेकलेलेच आहे. पण खाद्यपदार्थाचा नमुना तपासायचा तर तो दूरच्या शहरातल्या प्रयोगशाळेत जायचा, आणि अहवाल येईपर्यंत माल थांबायचा. बिस्किटांना मुदत असते. सरकारी टपालाला नसते.

यावर उपाय म्हणून २००८ साली कोलंबोच्या परिषदेत ‘सार्सो’चा, म्हणजे दक्षिण आशियाई प्रादेशिक मानक संस्थेचा करार झाला. तो २०११ साली अंमलात आला आणि २०१४ पासून ढाक्यात तिचे कार्यालय काम करू लागले. खाद्यपदार्थ, ताग-कापड-चामडे, बांधकामाचे साहित्य, विजेची उपकरणे, रसायने अशा विषयांवर समित्या नेमल्या गेल्या. साखर आणि बिस्किटे यांसारख्या रोजच्या वस्तूंची समान मानके तयार झाली. एकमेकांच्या चाचण्या मान्य करण्याचा करारही २०११ सालीच अड्डूच्या परिषदेत झाला होता.

दुसरीकडे भारत आणि बांगलादेश यांनी आपापसातही पावले टाकली. ढाक्याच्या मानक संस्थेच्या, बीएसटीआयच्या प्रयोगशाळांतील काही चाचण्यांना आपल्या एनएबीएलने तपासून मान्यता दिली. २०१५ साली दोन्ही मानक संस्थांमध्ये सहकार्याचा करार झाला. या मान्यतेत खरी गोम आहे. भारताने ‘तुमची बिस्किटे तपासायची नाहीत’ असे म्हटलेले नाही. भारताचे म्हणणे असे, की ‘तुमचा तपासनीस आम्ही तपासला, आता त्याचा शब्द आम्हांला चालेल.’

मग ही मनमाडे पडली का? काही पडली, काही उभी राहिली. गेल्या दशकात भारताने पुष्कळ वस्तूंना गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू केले. त्या वस्तू भारतात विकायच्या तर ब्युरोचा परवाना हवा, आणि परदेशी कारखान्याला तो मिळायचा तर आपल्या माणसांनी जाऊन कारखाना पाहायला हवा. यातले काही आदेश गरजेचेच होते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा झाला, तेव्हा तोंडात काहीही घालणाऱ्या मुलांच्या आयांना बरेच वाटले असेल. पण हाच नियम शेजारच्या छोट्या देशातल्या प्रामाणिक कारखानदारालाही महिनोन्महिने ताटकळत ठेवू शकतो. युरोपच्या बंदरात अडकलेल्या नाशिककराचे दुःख आपल्याला कळते. तर सरहद्दीवर अडकलेल्या नेपाळी कारखानदाराचे का कळू नये?

आणि राजकारण मानकांच्या वर असते, हेही नाकारता येत नाही. २०१६ ची इस्लामाबादची ‘सार्क’ परिषद रद्द झाली, तेव्हापासून ‘सार्सो’च्या पाठीशी उभी राहणारी राजकीय शक्तीच क्षीण झाली. मे २०२५ मध्ये भारताने बांगलादेशच्या काही मालावर खुष्कीच्या मार्गाचे निर्बंध घातले. बिस्किटांसारख्या तयार खाद्यपदार्थांना ईशान्येकडची भूमार्गावरची ठाणी बंद झाली आणि तयार कपड्यांना फक्त कोलकाता आणि आपल्या उरणजवळचे न्हावाशेवा ही दोनच बंदरे खुली राहिली. मानक एक, प्रयोगशाळा मान्यताप्राप्त, तरी रस्ता बंद. रूळ एका मापाचे असले म्हणजे गाडी सुटतेच असे नाही. मात्र ज्या दिवशी ती सोडायची ठरेल, त्या दिवशी रूळ तयार असावे लागतात.

विश्वास कसा मोजायचा?

परक्या प्रयोगशाळेवर विश्वास ठेवायचा तो काही चेहरा पाहून ठेवत नाहीत. त्याची रीत मोठी मजेशीर आहे. एकाच पदार्थाचे अगदी सारखे नमुने अनेक देशांतल्या प्रयोगशाळांना पाठवतात. प्रत्येकीने आपापले मोजमाप कळवायचे. मग सर्वांची उत्तरे शेजारी मांडतात. एकाच वाणाची डाळ दहा घरांत शिजवायला देऊन कोणाची कच्ची राहिली ते पाहावे, तसा हा प्रकार. जिचे उत्तर फटकून येते, तिने आपला काटा, आपली पद्धत, आपली माणसे तपासायची. शिवाय एका देशाचे परीक्षक दुसऱ्या देशात जाऊन कागद पाहतात, कामाच्या जागी उभे राहतात. आशिया-पॅसिफिक प्रदेशातल्या अशा परस्पर मान्यतेच्या व्यवस्थेत एनएबीएल २००० सालापासून आहे. आपल्याकडच्या प्रयोगशाळेचा अहवाल परदेशात चालतो, त्यामागे हे असे वर्षानुवर्षांचे तपासणे आणि तपासून घेणे असते.

आफ्रिकेतही हाच मार्ग धरलेला दिसतो. तिथली प्रादेशिक मानक संघटना १९७७ ची, तिचे कार्यालय नैरोबीत. पूर्व आफ्रिकेतल्या शेजारी देशांनी एकमेकांच्या मानक संस्थांचे गुणवत्ताचिन्ह मान्य करायचे ठरवले. श्रीमंत युरोपला जमले ते गरीब देशांना जमणार नाही, असे म्हणण्याची सोय त्यामुळे उरत नाही.

यात एक शंका गृहिणींच्या मनात येणे साहजिक आहे. दुसऱ्याची तपासणी मान्य करायची म्हणजे आपण ढिले पडायचे का? तसे नाही. मान्यता देण्यापूर्वी त्या तपासनीसाला आपल्याइतका कडक व्हावे लागते; आणि पुष्कळदा तपासायला गेलेल्यांनाच आपल्याकडची उणीव कळते. ढिलाई येते ती वेगळ्या वाटेने. शिक्का कागदावर राहतो आणि मागची प्रयोगशाळा रिकामी पडते, तेव्हा.

पुन्हा मनमाडला जाऊ. गेज बदलाची अडचण होती, पण त्या अडचणीवर हमालांची पोटे भरत होती, हेही खरे. प्रत्येक अडथळ्यावर कोणाचे ना कोणाचे पोट अवलंबून असते. अदृश्य मनमाडांवर मात्र हमाल जगत नाहीत. तिथे फायदा होतो तो ज्याला दोनदा परीक्षा देणे परवडते त्याचा, आणि ज्याला स्पर्धकच नको असतो त्याचा. पोती वाहण्याचा त्रास मात्र नाशिकच्या बागाईतदाराच्या, ढाक्याच्या बिस्किटवाल्याच्या, काठमांडूच्या कारखानदाराच्या पाठीवर पडतो.

म्हणून पुढच्या वेळी युरोपातल्या किंवा ढाक्यातल्या एखाद्या मानक समितीची चार ओळींची बातमी आतल्या पानावर दिसली, तर ती वाचायला हरकत नाही. कुठल्या तरी बंद खोलीत चार देशांची माणसे चहाचे कप बाजूला सारून दोन याद्या ओळीने ताडून पाहत असतील. ते काम नीट झाले, तर कोणाचा तरी हंगाम वाचेल, आणि ते त्याला कधी कळणारही नाही. मनमाडला आता झोपमोड होत नाही, म्हणून रूळ रुंद करणाऱ्यांची आठवण तरी कोण काढतो?